आईला गाडी लागते

नाना,

आज दुपारी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन. काल भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यांना गाडी लागते का? तुम्ही फाडकन नाही म्हणालात. आई मला हळूच म्हणाली, “त्यांनी नाही सांगितलं ना, मग नाहीच.” मीही गप्प बसले.

पण ऑपरेशनचा नि गाडीचा काय संबंध? सकाळी शेजारच्या नर्सबाईंना विचारलं. प्रवासात ओकणारं माणूस भुलीतून उठल्यावरही जास्त ओकतं, टाके ताणतात. आधी कळलं तर उलटी थांबवायचं इंजेक्शन देतात.

सावद्याला जाताना आई दर खेपेला एस.टी.च्या खिडकीतून ओकते. तुम्ही राजदूत फटफटीवर पुढे गेलेले असता, तुम्हाला काय कळणार?

मी खरं सांगायला दवाखान्यात चालले. तिथे आलात तर मला खोटं पाडू नका.

द्वारका