हिरव्या डागावर माझं नाव

३ तारीख, सकाळी ९.४०
आजपासून रोज सहाला उठणे. आज उशीर झाल्यामुळे उद्यापासून.
खुनाच्या एका पिक्चरच्या टायटल्सचं काम मिळालं! आजवर नुसते लग्नांचे व्हिडिओ केले. डायरेक्टर म्हणाला, दीड मिनिट, साधं, वाचता येईल असं. साधं म्हणजे काय ते मी ठरवेन. प्रेक्षक पहिल्या नावापासून गुंतला पाहिजे, त्याला विषयाचा वास लागला पाहिजे. आईला सांगितलं, पडद्यावर माझं नाव येणार. ती लगेच डोळे तपासून घ्यायला निघाली.

५ तारीख
सहाला उठलो. परत झोपलो. पण उठलो.
थीम सापडली. पिक्चरमध्ये हिरव्या शाईतलं खोटं मृत्युपत्र आहे. ते फॅमिली डॉक्टरने लिहिलं आणि खूनही त्यानेच केला, हे शेवटच्या पाच मिनिटांत कळतं. तेव्हा पाण्यात हिरवी शाई सोडायची, तिच्यातून नावं उमटतील. बादलीत शूटिंग केलं. बादली कपड्यांची आहे, असं बायकोचं म्हणणं. आता ती हिरवी आहे. एक चादरही.

९ तारीख
लांबी साडेचार मिनिटं. एकही फ्रेम काढण्यासारखी नाही, मी तरी काय करू?
शेवटचा शॉट म्हणजे कळस. डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाचा खिसा, त्यावर हळूहळू पसरणारा हिरवा डाग. असा शॉट हिरोच्या नावाखाली वाया घालवण्यात अर्थ नाही. माझं नाव टाकलं. सहा सेकंद.

१० तारीख
घरी ट्रायल. बायकोने विचारलं, खून डॉक्टरने केला का? ती मुळात संशयी. सासरे मधे डुलकी काढूनही डॉक्टरच म्हणाले. खालच्या चहावाल्याने चहा गाळता गाळता मोबाइलवर पाहिलं आणि तोही डॉक्टर म्हणाला. तीनपैकी तीन! विषय थेट पोचतोय.
आईला दाखवलं नाही. तिने मोठ्या पडद्यावरच बघावं.

१४ तारीख
एडिटरबाईंनी दीड मिनिटावर आणलं. कलेची जाण कमी.
मग डायरेक्टरचा फोन. खिशाचा शॉट काढतोय, तुझं नाव दुसऱ्या कुठल्याही शॉटवर टाक. मी आवाज न चढवता सांगितलं, शॉट आणि नाव वेगळे होणार नाहीत. राहिले तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. तो म्हणाला, "बरं."
माणूस ठाम राहिला की समोरचा नमतोच. सहाला उठणे पुढच्या महिन्यापासून.

२६ तारीख, दुपारी २
पहिल्या शोला निघतोय. आई, बायको, सासरे. आईचा चष्मा नवा. पहिली दोन मिनिटं डुलकी काढायची नाही, असं सासऱ्यांना बजावलंय.

२६ तारीख, संध्याकाळी ७
खिसा नव्हता. नावही नव्हतं.
आईने चष्मा पुसून दोनदा विचारलं, आलं का रे? मी म्हटलं, शेवटी येतं. पिक्चर संपल्यावर आम्ही चौघं बसून राहिलो, झाडूवाली आमच्या रांगेपर्यंत येईस्तोवर. आईसाठी वाईट वाटलं. खरं तर स्वतःसाठीच जास्त वाटलं.
जिना उतरताना आईने माझा हात धरला. म्हणाली, "तो डॉक्टर असेल असं मला शेवटपर्यंत वाटलं नाही. छान लपवलंस हं तू."
बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आईला हो म्हटलं.