चर्चच्या धुळीचं मशीन आणि तालमीची माती

शिवाजी पेठ, कोल्हापूर
मंगळवार (वार गुंडूला विचारून लिहिला आहे)

तीर्थरूप सौ. आक्कास,

धाकट्या यशराजचा वाकून नमस्कार. तसा मी सध्या वाकलेलाच असतो, बाकांखाली झाडून झाडून कंबर सरळ व्हायला तयार नाही, त्यामुळे हा नमस्कार तुला वेगळे कष्ट न घेता पोचतो आहे असं समज. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला? म्हैस व्याली का? (व्याली असेल तर खरवस पाठवू नको. मी ज्याच्या खोलीवर राहतो तो गुंडू पैलवान वास आला की डबा उघडतो आणि मग मला नुसता डबा धुवायला मिळतो.) फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील, तर माझा मोबाईल सध्या उचगावात एका माणसाच्या ड्रॉवरमध्ये आहे. तो तिथं कसा गेला हे सांगायचं तर सुरुवात शिंकांपासून करावी लागेल.

गणपतीनंतर मी इथल्या एका मोठ्या चर्चमध्ये झाडलोटीच्या कामाला लागलो हे तुला ठाऊक आहे. (त्याआधी गोव्याचं हॉटेल, मग रसाचं गुऱ्हाळ, मग फेट्यांचं दुकान. त्यावर आपलं बोलून झालंय, परत नको.) पण हे काम मला खरंच आवडलं गं. एका जागी बसलो की माझे पाय वळवळतात, पण इथं बाकांच्या रांगांमधून झाडत गेलं की नेसरीच्या स्टँडपासून आपल्या शेतापर्यंत जाऊन आल्यासारखं होतं, आणि कुणी विचारतही नाही कुठं निघालास म्हणून. कमिटीवर मोना टीचर आहेत. त्या शाळेतून रिटायर झाल्या त्याला दहा वर्षं झाली, पण समोर उभं राहिलं की माझ्या हातांची आपोआप घडी होते. त्या म्हणाल्या, नाताळापर्यंत तुझं काम बघू, मग कायम करायचं का ते ठरवू. तर आक्का, मला कायम व्हायचंय. आयुष्यात पहिल्यांदा.

आता शिंका. एका रविवारी मला उठायला उशीर झाला आणि मी उपासनेच्या अर्धा तास आधी झाडायला घेतलं. झाडूनं धूळ जात नाही, ती फक्त उठून दुसरीकडं बसायला जागा शोधते, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या गीताच्या दुसऱ्या ओळीला गायनमंडळातली एक बाई शिंकली, तिसऱ्या ओळीला सगळेच. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटले, "हे पित्या" म्हणाले आणि तिथंच चार शिंका. मोना टीचरनी मला बाहेर बोलावलं. मला वाटलं आटपलं. पण म्हणाल्या, "यशराज, धूळ ओढायचं मशीन बघ. स्वस्त बघ आणि टिकणारं बघ. निवडायचं तूच. तू काय निवडतोस त्यावरून मला तू कळशील." (म्हणजे मशीनची परीक्षा नव्हे, माझी. मला रात्रभर जेवण गेलं नाही. गुंडूला माझंही गेलं.)

दुसऱ्या दिवशी मी शहरातल्या मोठ्या दुकानात निघालो, वाटेत मैदानावर फुटबॉलची मॅच लागली होती, म्हणून तिसऱ्या दिवशी पोचलो. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "किती बीएचके?" मी म्हणालो, बेडरूम एकही नाही, किचन नाही, हॉल मात्र असा की त्यात दोन एसट्या शेजारी शेजारी लागतील. तिनं मला निळं, गोंडस, कोंबडीएवढं मशीन दाखवलं. त्याची धुळीची पिशवी बघितली तर चहाचा ग्लास. वायर एवढी तोकडी की पहिला बाक झाडायचा तर चर्चच प्लगजवळ ओढून आणावं लागलं असतं. "टिकंल काय?" विचारलं, तर म्हणाली, "दोन वर्षं वॉरंटी हाय की." मी म्हणालो, ते कागदाचं झालं, मशीनचं सांगा. ती गिऱ्हाईक बदलून दुसऱ्याकडं गेली.

मग कुणीतरी उचगावच्या भाऊसोचा पत्ता दिला. हा कारखान्यांतली जुनी मशिनं दुरुस्त करून विकतो. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक ड्रम उभा होता, चार चाकांवर, आपल्या धान्याच्या कणगीएवढा, आणि त्याला हत्तीच्या सोंडेसारखा पाइप. "पावणं, ह्यानं फाउंड्रीत धा वर्सं लोखंडाचा चुरा खाल्लाय. तुमची धूळ म्हंजे ह्येला बडीशेप." दर निळ्या कोंबडीपेक्षा कमी. तरी मी म्हणालो, आधी चार दिवस चालवून बघतो. तो म्हणाला, "बघा की. मोबाईल ठेवा हितं." झालं. (वायर लांब आहे ना, एवढंच बघायला गेलो होतो मी.)

शुक्रवारी संध्याकाळी ड्रम टेम्पोतून उतरवला आणि इथं गुंडूनं तोंड घातलं. "चर्चात काय ट्रायल घेतोस? ती धूळ उपासाची. ह्येला जरा मटण घाल." आणि सोंड धरून थेट तालमीत. तू तालीम आतून बघितली नसशील. मधोमध कुस्तीचा हौदा असतो, त्यातली लाल माती साधी नसते. त्यात तेल, ताक, हळद, लिंबं, कापूर असं काय काय घालून वर्षानुवर्षं मळलेली असते. पिराजी वस्ताद ती पोटच्या पोरासारखी सांभाळतात. पण वस्ताद गेले होते जयसिंगपूरला लग्नाला. गुंडू म्हणाला, कोपऱ्यातली मूठभर ओढून बघू.

आक्का, त्या मशीनला मूठभर कळत नाही. बटण दाबलं आणि त्यानं जो आ वासला तो मिटेना. पेठेतली पोरं गोळा झाली, निम्मी म्हणत होती दमणार, निम्मी म्हणत होती न्हाय दमत, शिट्ट्या काय, हलगी आणायला एकजण पळालासुद्धा. त्या गडबडीत बटण बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. शेवटी कुणीतरी ओरडलं, "वस्ताद आलं", तेव्हा आम्ही ड्रम घेऊन मागल्या दारानं सुटलो. हौद्याच्या कोपऱ्यात म्हैस आरामात बसेल एवढा खड्डा. (मशीन मात्र जरासुद्धा तापलं नव्हतं. टिकाऊपणाचा प्रश्न माझ्यापुरता तिथंच मिटला.)

शनिवारी सकाळी कमिटीसमोर ट्रायल. रात्री ड्रम रिकामा करायचा होता, पण झाकणाचा खटका आमच्याकडून उघडला नाही, आणि नंतर मी विसरलो. ट्रायल झकास झाली. बाकांखालची जाळी, मेणबत्तीचे तुकडे, गोळ्यांचे कागद, सगळं सोंडेतून गेलं आणि एकही माणूस शिंकला नाही. मग मोना टीचर म्हणाल्या, "उघड बघू, किती निघालं." आता खटका पाळकसाहेबांच्या एका बोटानं उघडला. आतून सात घमेली लाल माती निघाली.

मी तोंड उघडणार, खरंच उघडणार होतो, एवढ्यात मोना टीचर म्हणाल्या, "अरे देवा. एवढ्या घाणीत बसत होतो आपण?" एकानं माती हुंगली. "हळदीचा वास येतोय." पाळकसाहेब म्हणाले, "लग्नं किती लागतात इथं. नवऱ्यामुलींची हळद असणार ती, वर्षानुवर्षांची." लिंबाची बी सापडली, ती लग्नातल्या सरबताची ठरली. मग सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मागल्या बाकावर माझ्या आधीचे झाडणारे काका बसले होते. ते खाली मान घालून म्हणाले, "माझी नजर अधू झाली होती. मला दिसलंच नसेल." मी त्यांच्याकडं न बघता घमेली उचलायला लागलो. मशीन पास झालं. आणि माती वाया कशाला घालवायची म्हणून पाळकसाहेबांच्या मिसेसनी दुपारपर्यंत तिच्यात गुलाब लावले.

इकडं वस्तादांना पेठेनं सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "रविवारपातूर माती हौद्यात पायजे. न्हाईतर गुंडू तालमीची पायरी चढायचा न्हाई, आणि मी सोता जाऊन तुझ्या टीचरबाईंना इचारतो आमची माती कुठं हाय." म्हणजे गुंडूची कुस्ती आणि माझी नोकरी एकाच खड्ड्यात. गुलाब उपटावेत तर ताकातेलाच्या मातीत त्यांनी तीन दिवसांत मान वर काढली आहे. बाकी सगळं ठीक आहे, काळजी नसावी. लहानांस आशीर्वाद, दाजींस नमस्कार.

तुझा,
यशराज

ता. क. आपल्या टेकाडावरची लाल माती दोन पोती, चाळून, खडे काढून, शनिवारच्या आत दुधाच्या टेम्पोवर घाल. ताक, तेल, हळद गुंडू बघतो.

ता. क. २. काकांना काल सगळं खरं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, नाताळ होईपर्यंत गप्प बस, मग आपण दोघं मिळून टीचरना सांगू.

ता. क. ३. मुख्य म्हणजे हे सांगायचं राहिलं. कमिटीला कायम करायच्या आधी घरच्या मोठ्या माणसाचं पत्र लागतं, की मुलगा प्रामाणिक आहे आणि खोटं बोलत नाही. तेवढं तुझ्या अक्षरात लिहून मातीच्या पोत्यात टाक. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, कागद लाल होता कामा नये.