पांढरा राक्षस येऊन गेला

सुजा,

तुझ्या खेळातला पांढरा राक्षस आज अकरा वाजता आईच्या फोनवर आला. तू आठ महिने त्याची वाट बघत होतीस. सांगून गेली होतीस तसं मी लढायचं लाल बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात त्यानं तुझा धनुष्यवाला मारला. दुसरा फटका आईनं स्वतःच्या नावानं केलेल्या छबूला बसला. तिचं रक्त थोडंच उरलं, तेव्हा मी पळायचं बटण दाबलं आणि तो निघून गेला. त्याच्या हातनं मेलेलं माणूस खेळात परत येत नाही, हे तूच सांगितलं होतंस. धनुष्यवाल्याचं वाईट वाटतं.

आई अंबाजोगाईला दवाखान्यात शेवटच्या दिवसापर्यंत पडल्या पडल्या हाच खेळ खेळायची. "छबूला मागंच ठेव गं, ती समद्यांला औषध पाजती," म्हणायची.

छावणीत आज सोसायटीचा चारा वाटणार आहेत, म्हणून मी बैलांजवळ चाललो. उद्या दुपारी येईन. टँकरचं पाणी भरलंय, प्यायचं हंड्यात आहे. डाळ गरम करून घे.

राक्षस परत आला तर तू लढ. छबू गेली तरी मी काही म्हणणार नाही. फक्त मी घरात नसताना लढ.

पप्पा