टाके वाळल्यानंतरचं

सर, गेल्या महिन्यात ओपीडीत एक मुलगा आला. इथे दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन यूपीएससीची तयारी करतो. मी मराठी आहे असं कळल्यावर त्याने आधी दार लावून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, जन्मलो तेव्हा मला शौचाची जागाच नव्हती. वडील तेव्हा दिल्लीत नोकरीला होते. इथल्याच एका मराठी डॉक्टरांनी ती केली." आणि त्याने तुमचं नाव घेतलं. त्या ऑपरेशनला मी तुमच्या हाताखाली उभी होते. बाळ पालथं ठेवलेलं, कुल्ल्यांच्या मधोमध चीर. विजेची बारीक सळई टेकवली की स्नायू आकसतो आणि त्यावरून तुम्ही मध्य शोधता. माझा हात जरासा डावीकडे सरकतो. "मधोमध! इथे चुकलीस तर पोरगं जन्मभर भोगेल." बाहेर आल्यावर मात्र त्याच्या आईला तुम्ही म्हणालात, "टाके वाळले की झालं. आता विसरून जा." तिने तुमचे पाय धरले होते.

ती खरंच विसरली, सर. शाळेत याची चड्डी रोज खराब व्हायची आणि ती मारायची. डॉक्टरांनी बरं केलंय, तूच आळशी आहेस, म्हणायची. "पेपर असला की मी आदल्या दिवसापासून जेवत नाही," तो खाली बघून म्हणाला. मी तपासलं. तुम्ही केलेली जागा अगदी मधोमध आहे. पण कण्याच्या टोकाचं हाड जन्मतःच अपुरं, तिथल्या नसाही कमी. ताबा येणं अवघडच होतं. एक्स-रेत ते तेव्हाही दिसलं असणार. रोज सकाळी एनिमाने आतडं धुवायला मी त्याला शिकवलं. काही दिवसांनी त्याचा फोन आला, "मॅडम, आज संध्याकाळपर्यंत लायब्ररीत बसलो. यार, कुणी आधी का नाही सांगितलं? आईला तुम्हीच सांगा, माझं तिला पटत नाही." मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी त्याला उगाच मारलं?"

तेव्हापासून मी आईबापांना पहिल्याच दिवशी सगळं सांगते, ताबा कदाचित येणार नाही हेही. काल अशाच एका बाळाच्या आईला सांगितलं, तर ती बाळाकडे बघेना, दूधही पाजेना. तुमचं "विसरून जा" ऐकून तिने त्याला आधी छातीशी धरलं असतं. कोण बरोबर, मला कळत नाही. विभागात तुमचा फोटो लावायचं ठरलंय. फ्रेम होऊन आलीय, पण ती माझ्या कपाटात आहे, आणि खिळा ठोकायला आलेल्या माणसाला मी दोनदा परत पाठवलंय.