श्वास घ्यायची जागा

बाबा, माझी सूनबाई तुमचं काम शिकायला निघाली आहे. लग्न लावायचं, नामकरण करायचं, कुणी गेलं की त्याच्या घरच्यांसमोर बसून बुद्धवंदना म्हणायची. त्यासाठी आता कॉलेजात अभ्यासक्रम असतो, हे ऐकून तुम्ही हसला असता. तिने तीन पाहिले. पुण्याचा राहून करायचा, तो आमच्या आवाक्यातला नाही. एक मोबाईलवरचा, अगदी स्वस्त. तिसरा नागपूरचा, शनिवार-रविवारचा, फी झेपेल असा. "मोबाईलवरचाच कर ना, कायले एसटीचे धक्के खातं?" मुलगा म्हणाला. "मग लग्नंही मोबाईलवरूनच लावू काय?" असं म्हणून ती माझ्याकडे वळली. "आई, नागपूरचं जमते. फक्त दोन दिवस लेकराले कोण पाहीन, तेवढं सांगा." बाई ठेवली तर फी झेपूनही गणित बसत नाही, म्हणजे सगळं माझ्या 'हो'वर आलं. मी म्हटलं, विचार करते. विचार कसला, बाबा. आतून जळत होते.

अजून डोळ्यांसमोर आहे ती मे महिन्याची सुटी. मी यवतमाळच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधून घाटंजीला आले आहे. सागवानाच्या डेपोवर जायच्या आधी तुम्ही दादाला समोर बसवून गाथा शिकवता, तो जांभया देतो, आणि मी चुलीपाशी चहा गाळत ऐकते. "ओळ संपली का दम घेतं! एक शब्द आधी घे," तुम्ही त्याला सांगता. "मंग दोन ओळी जुळून जातात, आयकणाऱ्याले तुटल्यावानी वाटत नाही." मी तिथूनच ती ओळ म्हणून दाखवते, तुम्ही सांगितली तश्शी. तुम्ही मान वर करत नाही. "तू तुह्या इंग्रजीचं पाय," म्हणता. रागाने नाही. तुम्ही माझ्यासाठी मोठं काही योजलं होतं, ते झालंही. बँकेतून मानाने निवृत्त झाले. पण लग्न लावायला पांढरा सदरा घालून तुमच्यासोबत दादाच जायचा. त्याने वणीला कोळशाचे ट्रक चालवण्यात जन्म काढला, आणि आजही पहिल्या ओळीपुढे अडखळतो.

एकदा तुम्ही तिळाचे लाडू घेऊन होस्टेलला आलात, तेव्हा मी सगळ्या मुलींकडून सकाळची प्रार्थना म्हणवून घेत होते. तुम्ही फाटकाशी थांबून ऐकलंत. "मस्त म्हणतं. कोणं शिकोलं?" मी म्हटलं, "सिस्टरनं." तुम्ही किती खूश झालात! येशूच्या प्रार्थनेतही मी श्वास तुमच्याच जागी घेत होते, हे तुमच्या लक्षात आलं नाही.

सूनबाई कणीक मळता मळता तीच गाथा म्हणते. ओळ संपली की थांबते, पुढच्या ओळीत तिचा दम संपतो. परवा वैतागून म्हणाली, "आई, तुमचे बाबा इथं दम कसा पुरवत होते वं?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी तर होस्टेलला होते."

काल तिला सांगितलं, शनिवार-रविवार लेकरू माझं. पिठाच्या हातांनीच तिने मला मिठी मारली. चांगली मुलगी आहे, बाबा. तुम्ही तिला नक्की समोर बसवलं असतं, आणि तेच मला सोसत नाही.

हा कागद माझ्या पेटीत, साड्यांच्या तळाशी ठेवते. तिच्या हाती लागला तर तिला ती जागा कळेल. कधीतरी सांगेन. दुपारी नातू झोपला की मी ती गाथा हळू आवाजात म्हणते, आणि एक शब्द आधी श्वास घेते. तेवढं अजून माझ्यापाशीच ठेवलं आहे.