तिसऱ्यांदा न वाजलेली धून

लिमरिक, आयर्लंड
१२ ऑक्टोबर २००३

चि. जयवंत,
अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, थंडीही सोसते. अनसूयेचे गुडघे कसे आहेत? केळींना पाणी वेळेवर देतोस ना?

विनिताची सलोनी इथला पारंपरिक नाच शिकते. परवा एका जुन्या धुनेवर तिची पावलं चुकली, म्हणून तिने ती पुन्हा वाजवायला लावली. तिसऱ्यांदा मागितली, तेव्हा म्हाताऱ्या वादकाने व्हायोलिन पेटीत ठेवून दिलं. धून परीलोकाच्या राजाची आहे. ओळीने तीनदा वाजवली तर तो खरोखर येतो, अशी इथली समजूत.

"येऊ दे की!" सलोनी म्हणाली.

म्हातारा हसला नाही. "आणि परत कोण पाठवणार? तू?"

असलं काही मी मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण तुझं पत्र वाचताना तोच म्हातारा आठवला. बिल्डरच्या त्या माणसाला तू दोनदा घरी चहाला बोलावलंस. आता आपल्या दोघांच्या नावावरच्या वाडीत मोजणीलाही बोलावतोस? पापडी गावच्या हरिभाऊंनीही त्याला आधी चहाच पाजला होता. त्यांची विहीर कोणी बुजवली, हे आजही कोणी बोलत नाही. मोजणी ताबडतोब रद्द कर.

आणखी एक. काल इथे फोन आला. मराठी माणूस, अगदी अदबीने बोलला. "ताई, सही करायला कधी येताय? भाऊ तर तयार आहेत." मग सलोनीची शाळा किती वाजता सुटते, तेही विचारलं.

हा नंबर मी फक्त तुला दिला होता.

तुझी,
मनोरमाताई