चोवीस तासांची चिठ्ठी

४ मार्च, मंगळवार

सापडला! कोपऱ्यावरच्या ढिगात, मोडक्या खुर्चीखाली पालथा पडलेला — संगणकाचा अख्खा डबा. एक बाजू चेपलेली, मागची जाळी गायब, पण आतल्या वायरी शाबूत. उचलला नाही. आधी चिठ्ठी चिकटवली: ‘ही वस्तू कुणाची असल्यास कृपया कळवावे. चोवीस तासांत कुणी न आल्यास टाकून दिलेली समजून नेण्यात येईल. — समोरची इमारत, दुसरा मजला, डावीकडचे दार.’

बाबा म्हणाले, कचऱ्याला नोटीस बजावणारी तू पहिलीच. हसू देत. माणसं टाकायला म्हणून ठेवतात, तशी विसरूनही ठेवतात.

छापखान्याच्या बाईंनी मुद्रितं तपासायचं काम देऊ केलंय. घरी बसून करायचं, पण संगणक आपला हवा. ‘महिनाअखेर चालू स्थितीत दाखव, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे,’ असं स्वच्छ सांगितलंय त्यांनी. नवा घेणं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही येत नाही. तेव्हा ढीग!

५ मार्च

माझ्या चिठ्ठीखाली कुणीतरी लिहिलंय: ‘नवरा ठेवला तर नेणार का?’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘चोवीस तास थांबावं लागेल.’

डब्याचा मालक काही आला नाही. सहा वाजताच खाली गेले होते, पण काल चिठ्ठी सहा दहाला लावली होती. दहा मिनिटं उभी राहिले. मग उचलला.

आत धूळ, जळमटं आणि झुरळांचा मोठा संसार. मी ओरडून खुर्चीवर चढले. आई म्हणाली, ‘सरक. ऑफिसचे तीन मजले रोज झाडते, हा एवढासा डबा काय!’ बाबांच्या दाढीच्या जुन्या ब्रशाने तिने कोपरान् कोपरा लखलखीत केला. ब्रश तितका जुना नव्हता, असं बाबांचं म्हणणं.

७ मार्च

वीज दिली. पंखा फिरला, दिवा लागला, आणि तीन लांब शिट्ट्या! मग गप्प. वाचनालयातल्या पुस्तकात बघून आले — याच्या तीन शिट्ट्या म्हणजे आतली स्मृतीची पट्टी बिघडलेली. काढून खोडरबराने तिचे दात घासले. तीन शिट्ट्या. पुन्हा घासले. तीन शिट्ट्या. पट्टी मेलेली आहे.

हवी आहे: हिरवी पट्टी, तळहाताहून जरा लांब, एका कडेला सोनेरी दात.

वही आता फडताळात, पिठाच्या डब्याशेजारी. कुलूप कशाला? घरात वाचणारी मी एकटी. बाबांना सही येते, आईला तेवढीही नाही. नऊ वर्षांची असताना मी आईची शाळा घेतली होती. तिने ‘अ’ उलटा काढला. मी लाल पेन्सिलीने शून्य दिलं आणि खाली शेरा मारला. काय लिहिलंस, तिने विचारलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं — ‘मंद.’ ती हसली आणि उठून भांडी घासायला गेली. पाटी पुन्हा हातात घेतली नाही. आजही आठवलं की कान तापतात.

९ मार्च, रविवार

विश्वास बसत नाही. ढिगावर, खुर्चीच्या पायाला अडकवलेल्या हिरव्या पट्ट्या — सात! भाजीच्या जुडीसारख्या दोऱ्याने बांधलेल्या. लांबूनच कळलं, एक प्रिंटरची आहे, दोन फोनच्या, एक बहुधा दारावरच्या घंटेची. सगळ्यांत सारखं एवढंच, की सगळ्या हिरव्या. पण एक आपली! अगदी आपली!

चिठ्ठी लावली. जीव टांगणीला.

१० मार्च

एकच छोटी शिट्टी. म्हणजे सगळं ठीक! आमच्याच टीव्हीला जोडून बघितलं — उजेड पडला. बाबांचा सामना शेवटच्या टप्प्यात होता. ‘बये, जिंकायला चार हवे होते गं,’ म्हणाले आणि शेजाऱ्यांकडे निघून गेले.

आत आधीच्या मालकाचं सगळं तसंच. एका कप्प्याचं नाव ‘पत्रं’. उघडलं नाही. सगळं पुसून टाकलं. दुसऱ्याचं लिहिलेलं त्याला न विचारता वाचणं ही चोरीच. पाकीट मारण्याहून वाईट, कारण पाकीट परत तरी करता येतं.

१३ मार्च

याच्या घड्याळाचा सेल संपलाय. बंद केला की सगळं विसरतो. चालू केला की एक जानेवारी, आणि तेही माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीची! रोज सकाळी माझा जन्म व्हायचा बाकी असतो. अशा संगणकावरून छापखान्याला काही पाठवलं तर बाई काय म्हणतील?

हवा आहे: चपटा गोल सेल, कोटाच्या बटणाएवढा.

१५ मार्च

खुर्चीवर कागदाची पुडी. पुडीत चपटे सेल पाच. आणि कोटाचं एक बटण.

बटण कशाला?

१६ मार्च

दुसरा सेल चालला. घड्याळ लागलं. आज सोळा मार्च आहे, हे आता आम्हा दोघांनाही मान्य आहे.

पण मला चैन नाही. मला जे हवं तेच ढिगावर येतं, आणि लगेच येतं. मी तर कुणाला सांगितलेलं नाही! बाबांना पट्टी आणि सेल यातला फरक कळत नाही. आईशी बोलते ते जेवायला काय आहे एवढंच. मग कोण?

कोपऱ्यावरचा भंगारवाला! ढीग त्याच्या दुकानाच्या तोंडासमोर. परवा मी वाकून बघत असताना हसला होता. अरे देवा. तो माझ्यावर... हिरव्या पट्ट्यांची जुडी हा काही फुलांचा गुच्छ नव्हे, पण भंगारवाला दुसरं काय देणार?

१७ मार्च

तोंडपाठ करून गेले: ‘आपल्या भावनांचा मी आदर करते, परंतु —’

‘परंतु’पर्यंत पोहोचले. तो तराजूवर पत्रे ठेवत होता. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग आत बसलेल्या बायकोला हाक मारून म्हणाला, ‘अगं, ऐक जरा, ही ताई काय म्हणते!’ मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बायकोने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तोंडाला पदर लावून हसत बसली.

‘ताई, मी किलोवर जगणारा माणूस,’ तो म्हणाला, ‘फुकट वाटायला लागलो तर ही मलाच तराजूत घालेल. उलट मला तर ताकीद आहे, त्या मोडक्या खुर्चीला हात लावायचा नाही.’

कुणाची ताकीद, विचारलं. तो पुन्हा पत्रे मोजायला लागला.

२० मार्च

बाबांनी निर्वाणीचं सांगितलं. टीव्ही तरी त्यांचा, नाहीतर माझा. दिवसभर शिडीवर उभं राहून लोकांच्या भिंती रंगवतात, संध्याकाळी तासभर बघणार. त्यांचंही खरंच आहे.

हवा आहे: पडदा. कसलाही, कितीही जुना. दहा दिवस उरले.

२२ मार्च, शनिवार

आला. खुर्चीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला. लाजल्यासारखा.

चिठ्ठी लावली. कुणीतरी खाली लिहिलं, ‘नवऱ्याचं काय झालं?’

२३ मार्च

अक्षरं दिसतात! डाव्या कोपऱ्यात एक पिवळा डाग आहे, त्याच्याकडे बघायचं नाही. छापखान्याला फोन केला. सोमवारी, एकतीसला, बाई घरी येऊन बघणार. आईने ऐकलं आणि न सांगता गोड केलं.

२७ मार्च

आज पुसताना पडदा आडवा केला. तळाला चिकटपट्टी. त्यावर आईच्या ऑफिसचं नाव आणि ‘मालमत्ता क्रमांक ११४’.

मालमत्ता!

बाबा कामावर होते. आई भात टाकत होती. विचारलं, हा तुमच्या ऑफिसातला आहे का? तिने वळूनही बघितलं नाही. ‘मला काय कळतंय त्यातलं? मला काय वाचता येतंय?’ आणि भांडी घासायला बसली. ती घासलेलीच होती.

२८ मार्च

काही सुचत नाही. आईनेच उचलून आणला असणार. पण मला पडदा हवा हे तिला कळलं कुठून? आणि पट्ट्या, सेल? ती सांगत नाही, मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती हो म्हणाली तर काय करायचं, हेच माहीत नाही.

परत नेऊन दिला तर पहिला प्रश्न येईल, कुणी आणला? तिथे एकोणीस वर्षं झाली तिला. एक सुई इकडची तिकडे झालेली नाही. माझ्यापायी तिची नोकरी जायची. खोटं सांगून निभावता येईल, पण मला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेले की मान लाल होते. आणि परत दिला नाही, तर मी त्या पडद्यावर लोकांच्या चुका कोणत्या तोंडाने दुरुस्त करू?

एक कागद असता, सही-तारखेचा, तर प्रश्न नव्हता. नाही ना.

ठरवलं. पडदा पुन्हा प्लास्टिकमध्ये बांधलाय. उद्या दुपारी साहेबांकडे स्वतः नेणार. आणि बाईंना फोन — काम दुसऱ्या मुलीला द्या.

२९ मार्च, शनिवार

आज मी लिहिते. आई.

पडदा नेऊ नको. कागद आहे. मागच्या पानात ठेवला. साहेबांनी २१ तारखेला दिला. ११४ नंबर मोडीत काढला, सफाईच्या बाईंनी न्यावा, असं लिहिलं. मी वाचून घेतलं. त्यांनी तारीख घातली नव्हती. घालायला लावली. मग उचलला.

माझ्या हातून तू घेतलं नसतंस. ढिगावरचं घेतेस. म्हणून खुर्चीवर ठेवत होते. पट्ट्या, सेल ऑफिसच्या कचऱ्यातले, तेही विचारून घेतलेले. कागद आधी दाखवला असता तर विचारलं असतंस, तुला काय हवं ते मला कसं कळलं.

पहिल्या मजल्यावरच्या बाई डबा खाताना शिकवतात. दोन वर्षं झाली. तुझी शाळेची पुस्तकं वाचून संपली. मग घरात ही वहीच होती. अक्षर छान आहे तुझं.

बटण परत दे. बाबांच्या कोटाचं आहे.

दुसऱ्याचं वाचणं चोरी, ते पण वाचलं. त्याचे गुण काप. शून्य देऊ नको.